गाठ ओळखीची, खुर्ची परकी

गाठीमावशीला तिचं खरं नाव विचारलं, तर क्षणभर तिलाही आठवावं लागेल. तीस वर्षं बाई रंगीत दोरांना गाठी मारते आहे. कुंड्यांची शिंकाळी, झोपाळे, दारावरच्या झालरी; गल्लीतली अर्धी झाडं हिच्याच जिवावर लटकलेली आहेत. समोरच्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी हिची बोटं शिवशिवतात. चेहरे ती सर्रास विसरते. सख्ख्या व्याह्यांना एकदा तिने गॅसवाला समजून मागच्या दाराने घरात घेतलं होतं. पण स्वतः मारलेली गाठ कधी विसरत नाही. "माणूस खोटं बोलेल, गाठ बोलत नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. आणि त्यानेच तिचा घात केला.

झालं असं, की तिचे यजमान आठवडाभर लेकीकडे गेले. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात, कारण त्यांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः एकदाही वेळेवर पोचले नाहीत. ते निघाले तेव्हा मावशी बाजारात दोर निवडत होती. घरी आली, रिकामं घर पाहिलं आणि डोक्यात किडा वळवळला. हे परत यायच्या आत यांची घडीची खुर्ची नवी करून ठेवायची! तोंडाचा आ झाला पाहिजे यांच्या.

खुर्ची जिन्याखाली असायची. ॲल्युमिनियमच्या नळ्या, नायलॉनच्या विणलेल्या पट्ट्या. खरं तर खुर्च्या दोन होत्या. काका आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांनी एकाच दिवशी घेतलेल्या, एक हिरवी, एक निळी. उन्हाने दोन्हींचा रंग धुऊन फडक्यासारखा करून टाकला होता. थोरले चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची खुर्ची थोरली जाऊ दर रविवारी वरून खाली येऊन उघडायची, पुसायची, मिटून ठेवायची. स्वतः बसायची नाही, कुणाला बसू द्यायची नाही. एकदा मांजर बसलं, तर त्याच्याशीही तिने बोलणं टाकलं.

मावशीशी तर अकरा वर्षांपूर्वीच टाकलं होतं. मावशीने लाल रंगात बुडवलेले दोर गच्चीवर वाळत घातले, खाली जाऊबाईंच्या पांढऱ्या चादरी होत्या. रंग ठिबकला, सहा चादरी गुलाबी झाल्या. मावशी म्हणाली, "ताई, रंग तर छान आलाय!" झालं. तेव्हापासून अबोला.

तर त्या दिवशी जिन्याखाली एकच खुर्ची होती. मावशीला वाटलं, ताईंनी त्यांची वर नेली असेल. तरी खात्री म्हणून तिने खुर्ची उलटी केली. डाव्या हाताजवळ तुटलेली पट्टी जोडलेली होती. दुहेरी गाठ, शेपूट आत खोचलेलं. तिची स्वतःची! आता ब्रह्मदेव आला असता तरी तिने त्याला परत पाठवलं असतं.

तिने पट्ट्या कापल्या. कापताना सवयीने प्रत्येक पट्टीच्या टोकाला अनुक्रमाच्या गाठी मारल्या, पहिलीला एक, दुसरीला दोन. नळ्या पॉलिश पेपरने घासून लख्ख केल्या. मग केशरी, मोरपंखी, पिवळा, जांभळा असे दोर घेऊन चार दिवस विणत बसली. बैठक अशी ताठ ओढली, की तिच्यावर बोराएवढा खडा टाकला तर टुणकन उडावा. रविवारी सकाळी खुर्ची दारासमोर मांडून ती वाट बघत बसली.

गाडी थांबली. काका उतरले. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या काखेत... घडीची खुर्ची.

मावशीच्या तोंडाचा आ झाला. ठरलं होतं तसंच, फक्त तोंड चुकलं.

"ही... ही कुठली?"

"आपली. लेकीकडच्या सोफ्यात माणूस बुडतो, माझी कंबर धरते. म्हणून नेली." काकांची नजर दारासमोरच्या रंगीबेरंगी खुर्चीवर गेली. "अगं, ही कुणाची नटवलीस?"

"पण गाठ माझी होती हो! दुहेरी. शेपूट आत."

"दादाच्या खुर्चीलाही तूच मारली होतीस. त्याची पट्टी तुटली तेव्हा, अबोल्याच्या आधी. वहिनींनी तुला बोलावून घेतलं होतं, विसरलीस?"

गाठ आठवत होती. कुणासाठी मारली, तेच मावशी विसरली होती. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. रविवार ना!

थोरली जाऊ ओलं फडकं घेऊन शेवटच्या पायरीवर थिजली. मग अकरा वर्षांच्या रिवाजाप्रमाणे काकांकडे बघून म्हणाली, "भाऊजी, विचारा तिला. यांची खुर्ची कुठे आहे?"

"हीच आहे म्हणावं," मावशी काकांना म्हणाली. "चूक झाली म्हणावं."

काका बिचारे एकदा इकडे, एकदा तिकडे. लंबकच.

जाऊ पुढे आली. भांडण होणार म्हणून समोरच्या खिडक्या आधीच उघडल्या होत्या. तिने तळवा बैठकीवर ठेवला. सपाट. ताठ. ती दोन्ही हातांनी चाचपत राहिली, अंधारात काही हरवल्यासारखी. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ मावशीकडे बघून बोलली.

"धाकटे, त्यांचा झोळ होता गं यात. बसून बसून पडलेला. आता कुठे बघू मी त्यांना?"

खिडक्या गपकन मिटल्या. मावशीला शिव्या चालल्या असत्या.

ती आत गेली आणि जुन्या पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन आली. अनुक्रम लावून पट्ट्या फरशीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि स्वतःच चक्रावली. सगळ्या मुळात एका मापाच्या, पण मधल्या ताणून चार बोटं वाढलेल्या. उभ्या पट्ट्यांत डावीकडची तिसरी सगळ्यात लांब.

"ताई, थोरले भाऊजी डावीकडे झुकून बसायचे?"

जाऊ खाली बसली. "उजव्या कानाने ऐकू यायचं नाही त्यांना. मी डावीकडे, या पायरीवर असायचे."

मावशीने कात्री घेतली आणि चार दिवसांची वीण जाऊसमोर सोडायला सुरुवात केली. केशरी, मोरपंखी, सगळी. मग जुनी पट्टी शेजारी धरून, तिच्या मापाने एकेक दोर सैल सोडत पुन्हा विणली. तिने आयुष्यात कधी मुद्दाम ढिलं काम केलं नव्हतं; बोटं ऐकेनात. जाऊ पायरीवरून हुकूम सोडत होती. "अजून खाली. जड होते ते." "एवढं नको, हत्ती नव्हते." दोघींना चहा काकांनी केला. निरोप्याचं काम गेल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची गाठ बसली. जाऊने तळवा फिरवला. मधे थांबला, डावीकडे घसरला. मग तिने मावशीकडे बघून खुर्चीकडे बोट केलं.

"बसून बघ."

"मी?" मावशीला वाटलं आपल्याला भास झाला. मांजराची गत तिला ठाऊक होती. "नको ताई."

"बस म्हणते ना! माप कळायला नको?"

मावशी जीव मुठीत धरून बसली. बसली ती सरकन डावीकडे कलंडली, थेट पायरीवरच्या जाऊच्या खांद्यापाशी. कान जाऊच्या तोंडाजवळ गेला. अगदी बरोबर तिथेच.

जाऊने डोळ्यांना पदर लावला. मग त्या कानात हळूच म्हणाली, "रंग जाणार नाही ना गं याचा? माझ्या चादरी पांढऱ्या आहेत."