फक्कीची रेघ

त्रेपन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्यांच्या तक्रारी करतात, फार तर योगाचा वर्ग लावतात. नाशिक रोडच्या एका शाळेत कारकून असलेल्या श्यामलाने मात्र सॉफ्टबॉलची पिचर व्हायचं मनावर घेतलं. शाळेत असताना ती तालुक्यापर्यंत खेळली होती. पुढे लग्न झालं आणि ग्लोव्ह माळ्यावर गेला, तो तीस वर्षं काही खाली आला नाही. आता कॉलनीजवळच्या मैदानावर दर रविवारी हौशी मंडळी स्लो पिच खेळायची. त्यात बँकवाले होते, एक डॉक्टर होते आणि पोट सुटलेले तर बरेच होते. श्यामला मागे कुठेतरी चेंडू अडवायला उभी असायची, पण नजर सगळी चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे, समर्थकडे.

मे महिन्यात समर्थची पुण्याला बदली झाली. पावसाळाभर मैदान बंद राहणार होतं. ऑक्टोबरात नवा पिचर लागणार, आणि तो आपण असायचं, असं तिने ठरवून टाकलं.

काम दिसायला सोपं. चेंडू खालून, हळू, कमान करून टाकायचा. तो बॅटरजवळच्या प्लेटमागे अंथरलेल्या मॅटवर पडला की स्ट्राइक, चार चेंडू मॅट चुकले की बॅटरला पहिला बेस फुकट. पण पन्नास फुटांवरून एकदा पाडणं वेगळं आणि सात इनिंग पाडत राहणं वेगळं. श्यामलाचे पहिले दहा झकास पडत. मग खांदा जड व्हायचा, दम लागायचा, आणि चेंडू मॅटच्या हातभर अलीकडेच टपकायचा.

सरावाला जोडीला होते तिचे यजमान दिवाकरराव. सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. माणूस इतका काटेकोर की भिंतीवर कॅलेंडर लावतानाही लांब उभं राहून ते तिरकं नाही ना, हे तीनदा बघणार. बिल्डिंगमागच्या मुरमाच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांनी टेप लावून अंतर मोजलं, फक्कीची पांढरी रेघ ओढली आणि मॅटमागे ग्लोव्ह घालून उभे राहिले. पावसाने फक्की धुऊन जायची. दर सोमवारी ते नवी मारायचे.

जूनमध्ये एके दिवशी पन्नासात अकराच मॅटवर पडले. श्यामला मुरमातच बसली. "मला नाही जमायचं. उगाच हसं करून घेतेय," म्हणाली आणि रडली. दोन दिवस धड जेवलीही नाही.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. तिने बोटं शिवणीवर आडवी धरून पाहिली, वीस पडायला लागले. गुडघा वाकवून हात नाकापर्यंत वर न्यायची सवय लावली, एकतीस झाले. दम वाढावा म्हणून आठवड्यातून दोनदा शाळेआधी स्कूटी काढून पांडवलेण्याच्या पायऱ्या चढायला लागली. आधी तीन ठिकाणी थांबायची, गणपतीच्या दिवसांपर्यंत एका दमात वर. आणि पन्नासात बेचाळीस. चेंडू मॅटवर पडला की दिवाकरराव फाइलवर सही केल्यासारखं म्हणायचे, "बरोबर." त्या एका शब्दावर तिचा दिवस छान जायचा.

सप्टेंबरअखेर तिने सगळ्यांदेखत यशश्रीला सांगितलं. यशश्री टीमची कॅप्टन, फिजिओथेरपिस्ट, वयाने लेकीएवढी.

"पन्नासात बेचाळीस. शेवटचे दहासुद्धा."

"मग ठरलं काकू. सिन्नरवाल्यांविरुद्ध तुम्हीच."

सिन्नरच्या मॅचमध्ये पहिला चेंडू मॅटच्या अलीकडे पडला. दुसरा अलीकडे. तिसरा, चौथा, सगळे अलीकडे. सहा बॅटर बॅट न उचलता पहिल्या बेसवर चालत गेले. तिने जोर लावला, तर चेंडू ठरलेल्या उंचीच्या वर जाऊन बाद ठरायला लागला. गंमत म्हणजे तिला दम लागलेला नव्हता, खांदाही ठणकत नव्हता. दुसऱ्या इनिंगला यशश्री जवळ आली. "काकू, बेचाळीस म्हणाला होतात ना?" ती चिडली नव्हती, आणि तेच श्यामलाला जास्त लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "घरच्या मॅटवर पडत असतील," आणि चारजण हसले. बाकावर स्कोअरची वही घेऊन बसलेले दिवाकरराव पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

घरी आल्यावर श्यामलाने बूटही काढले नाहीत. कपाटातून टेप घेतला आणि प्लॉटवर गेली. मॅटपासून रेघेपर्यंत चव्वेचाळीस फूट. तिने पुन्हा मोजलं. चव्वेचाळीसच. कॅलेंडर तीनदा बघणारा माणूस सहा फुटांनी चुकत नसतो.

दिवाकरराव मागोमाग खाली आले होते. तिच्या हातात टेप बघून त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "दोन-दोन करत पुढे घेतली. तू रडायचीस, मला बघवायचं नाही. म्हटलं, आत्मविश्वास आला की हळूहळू मागे नेऊ."

"कधी नेणार होतात?"

ते वाकून मॅटची कड सरळ करायला लागले.

बोटं बदलली तेव्हा रेघ सरकली होती, गुडघा वाकवला तेव्हा सरकली होती. मग यातलं आपलं कमावलेलं कुठलं? परक्याने फसवलं तर चार शिव्या तरी घालता येतात. इथे फसवणारा माणूस रोज सकाळी तिच्या आधी उठून चहा करत होता, पन्नास वेळा वाकून चेंडू उचलून देत होता, आणि प्रत्येक खोट्या चेंडूला बरोबर म्हणत होता.

"पायऱ्या तरी खऱ्या होत्या ना?" तिने विचारलं.

"असं काय बोलतेस."

"मग एक करा. यशश्रीला फोन करून सांगा. तिला वाटतंय मी थापा मारल्या."

दिवाकररावांनी टेप गुंडाळायला घेतला. "आता कशाला? दोन दिवसांत विसरतील लोक. आणि मी सांगितलं, तर या वयात मलाच हसतील गं सगळे."

सहा फूट तिने वेड्या मायेच्या नावावर सोडूनही दिले असते. हे तिला सोडता येईना. तिचं हसं झालेलं त्यांना चालत होतं.

सोमवारी सकाळी ती एकटीच प्लॉटवर गेली. टेपचं टोक दगडाखाली दाबलं, पन्नास फूट मोजले, मुठीने फक्की सोडली. रेघ वाकडीतिकडी आली. दिवाकरराव ग्लोव्ह घालून जिन्यापाशी येऊन उभे होते. "तुम्ही वर जा," ती म्हणाली. ते ग्लोव्ह काढत वर गेले. तिने पन्नास चेंडू टाकले आणि पन्नासही स्वतःच गोळा केले.

वर येऊन तिने टीमच्या ग्रुपवर लिहिलं: "आज पन्नासपैकी सतरा. या वेळी अंतर मी स्वतः मोजलं आहे. आधी ह्यांनी मोजलं होतं, मला न सांगता सहा फूट कमी."

स्कोअर लिहितात म्हणून दिवाकररावही त्या ग्रुपवर होते. आतल्या खोलीत त्यांचा फोन वाजला.