रुमालातले वास्ते

आमच्या घरात नाक मुरडण्याचं खातं माझ्याकडे आहे.

हे काम मी मन लावून करते. दोडक्याची मला नुसती नावड आहे, दुधीचा वीट आलाय, चहावरच्या सायीची किळस येते आणि भिंतीवर पाल दिसली की शिसारी! तिटकारा मात्र मी माणसांसाठी राखून ठेवलाय (नवऱ्याचे मित्र त्यात आघाडीवर आहेत). अडचण एवढीच, की माझ्या मनातलं आधी तोंडावर येतं. निलेशचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, पहिलं स्थळ त्यामुळेच मोडलं. पाहुण्यांनी कौतुकाने पुढे केलेल्या सुक्या मासोळीकडे बघून मी फक्त "शीऽऽ!" म्हटलं होतं.

पुढे निलेशने दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे तिकडच्या गावजत्रेत, रजनीला पाहिलं आणि लग्न करीन तर हिच्याशीच, असं जाहीर केलं. पावसाळ्यात, भाताची रोवणी आटोपल्यावर, आम्ही वडशाजवळच्या तिच्या गावी निघालो. माहेरचं वरोरा सुटायच्या आत आईने मला दम भरला.

"तिथी जे वाढतीन ते मुकाट्यानं खाजो. तोंड वाकडं केलं न, तर मायेरचं दार बंद!"

निलेशने तर हातच जोडले. "ताई, यावेळी तोंड सांभाळ वं!"

मी सांभाळलं. पानं वाढून होईपर्यंत तरी. मग रजनीच्या आईने माझ्या ताटात वास्ते वाढले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. तिकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, त्यांची भाजी म्हणजे पाहुणचाराची कमाल.

"खास तुमच्यासाठी भिजवून ठेवले होते जी!" त्या म्हणाल्या.

भिजवल्याचं नाकाला कळलंच होतं! ओलं पोतं आणि आंबलेलं ताक एकत्र नांदल्यावर जो वास येईल, तो येत होता. नावड, वीट, किळस, शिसारी, सगळं एकदम घशाशी आलं. समोर निलेश माझ्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसला होता. त्याच्या जन्माचा प्रश्न माझ्या नाकावर अडला होता! रजनीची आई पाणी आणायला वळली आणि मी ती कोरडी भाजी मांडीवरच्या रुमालात सरकवली.

त्या परत आल्या आणि हरखल्या. "अवो, संपली बी? घ्या न मंग, लाजू नका!"

दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा जास्त वाढली. तीही रुमालात गेली, रुमाल पर्समध्ये गेला आणि मी तृप्तीची ढेकर दिली (ही माझी कल्पना. अती झालं, कबूल).

सगळं छान पार पडलं. निघताना ओटी भरायला मला पाटावर बसवलं. समोर तांदूळ, नारळ, खण. मी सिल्कच्या साडीचा पदर पुढे करणार, तोच आई म्हणाली, "थांब वं, नवी साडी हाये. हिच्या पर्समंधी रुमाल राह्यते." मी "आई, नको!" म्हणेपर्यंत तिने रुमाल ओढला आणि चांगला झटकला.

वास्ते ओटीच्या तांदळावर पडले.

आईचा हात हवेतच राहिला. निलेशने डोळे मिटून घेतले. रजनीच्या आईने एकदा भाजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अवो माय! एवढी आवडली, त मांगाची होती न बाई! चोरून काऊन नेता?"

निलेशने एक डोळा उघडला. मी मान खाली घालून म्हणाले, "लाज वाटली जी."

"पाहा!" त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ज्या घरच्यांले आपलं खाणं असं आवडते, तिथी पोरगी सुखात राहीन." लग्न तिथल्या तिथे ठरलं, आणि येताना भाजीचा भरलेला डबा माझ्या मांडीवर आला.

आता दर पावसाळ्यात रजनीच्या माहेरून वास्ते येतात. ती भाजी करते आणि मला चंद्रपूरच्या सासरहून जेवायला बोलावते. मागच्या महिन्यात वाढताना तिने नाकाला पदर लावला.

"ताई, खरं सांगू? मले लहानपणापासून याची शिसारी येते. पण तुमच्या त्या रुमालानं आमचं लग्न जमलं, म्हणून नाक दाबून करते. तुमच्यासाठी कितीबी करीन!"

तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले (वासाने). नाक मुरडायला माझ्याकडे शब्दांची कधीच टंचाई नव्हती, पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते एवढंच:

"आणखी थोडी वाढ."