सातव्या यानाची शेवटची चार मिनिटं

गल्लीत त्यांना सगळे ‘पहिलावाले काका’ म्हणत. खरं तर हे गृहस्थ सिनेमा थिएटरात बत्तीस वर्षं मशीन चालवून रिटायर झालेले ऑपरेटर. पण कुणी नव्या पिक्चरचं नाव काढायचा अवकाश, यांचा प्रश्न तयार: “पहिला बघितलाय का?” त्यातून पिक्चर अंतराळातला, यंत्रमानवांचा असला, तर मग विचारूच नका. समोरच्यानं अर्धी दाढी तशीच टाकून सलूनमधून पळावं, इतकं बोलत.

“दुसरा भाग म्हणजे काय? पहिल्यात मेलेल्यांना उठवून बसवायचं! तिसरा म्हणजे त्यांच्या पोरांना कामाला लावायचं. रिमेक म्हणजे तीच गोष्ट, फक्त अंधार जास्त आणि सगळे घसा बसल्यासारखे बोलतात. आणि पुस्तकावरून काढला म्हणतात, त्यात पुस्तकातला विचार तेवढा गाळायचा आणि स्फोट दुप्पट करायचे. हात टेकले बाबा या लोकांपुढे!”

सलूनवाला कात्री चालवता चालवता हसायचा. “काका दुसऱ्यांदा गरम केलेला चहासुद्धा पीत नाहीत. रिमेक म्हणतात त्याला.”

काकांचा देव एकच, ‘सातवं यान’. चाळीस वर्षांपूर्वीचा पिक्चर. एक बाई यान घेऊन दूरच्या ग्रहावर अडकलेल्या लोकांना सोडवायला जाते, मागे पाच वर्षांची मुलगी ठेवून. मुलगी रोज संध्याकाळी यानतळाच्या मैदानावर येऊन उभी राहते. शेवटी रिकामं मैदान, एकटी मुलगी, बस. संपला पिक्चर. “असा शेवट करायला छाती लागते,” काका म्हणायचे. सलूनवाला मान डोलवायचा, कारण त्यानंही तो इथेच, काकांच्याच थिएटरात बघितलेला. आजूबाजूच्या गावांतही ज्यांनी ज्यांनी बघितला, त्यांनी तसाच बघितला.

फक्त काकांची मुलगी म्हणायची, यान परत येतं. दार उघडतं, आई उतरते, मुलगी पळत जाते.

“लहान होतीस. तुझ्या मनचं काहीतरी,” काका म्हणायचे. पुढे घरात तो खेळच होऊन बसला. तिनं लहानपणची काही आठवण सांगायला तोंड उघडलं, की आत्या, चुलते, चुलत भावंडं एका सुरात ओरडायची, “उतरलं हिचं यान!” तीही हसायची. हसता हसता कधीतरी तिनं आठवणी सांगणंच बंद केलं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परवा रविवारी दुपारी ती आली. पंचेचाळिशीची बाई, पण चपला अजून लहानपणासारख्या दारात भिरकावते. आल्या आल्या म्हणाली, “बाबा, सातव्या यानाचा दुसरा भाग आलाय. त्यात आई म्हातारी दाखवलीय. म्हणजे ती परत आली होती.”

“म्हटलं नव्हतं? उठवली मेलेल्या बाईला!”

“थांबा. जुन्या पिक्चरची पण अख्खी प्रत कुठेतरी सापडलीय, फोनवर मिळते. मी शेवट अजून बघितला नाही. म्हटलं, तुमच्या शेजारी बसूनच बघावा.” तिनं फोन टेबलावर ठेवला, पाण्याच्या तांब्याला टेकवून.

“चष्मा सापडत नाही,” काका म्हणाले; तो डोळ्यावरच होता. असं का म्हणाले, ते आता सांगायलाच हवं.

तो पिक्चर लागला, तेव्हा त्यांची बायको हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली; चौथ्या आठवड्यात ती गेलीच. पोरीची आत्या दिवसभर हॉस्पिटलात, घरी पोरीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून काका तिला रोज केबिनमध्ये आणून स्टुलावर बसवायचे. मशीनशेजारच्या झरोक्यातून ती रोज दुपारचा खेळ बघायची. यान उतरलं की टाळ्या पिटायची आणि विचारायची, “यान तर आलं. आपली आई कधी येणार?” पिक्चर लागल्यापासून आठ दिवस रोज. कुठल्या बापाला ऐकवेल? नवव्या दिवशी काकांनी शेवटच्या रिळातली चार मिनिटं कापली, रिकाम्या मैदानापाशी समाप्तीची पाटी जोडली आणि खेळ लावला.

“यान नाही आलं?”

“नाही बाळा. ते येतच नव्हतं.”

त्या दिवसापासून पोरीनं विचारणं सोडलं. काकांना हायसं वाटलं, खोटं कशाला बोला!

ऑपरेटरांचा एक रिवाज असतो. कापलेला तुकडा डबीत जपायचा आणि प्रिंट पुढच्या गावी जायच्या आधी परत जोडायचा. काकांनी जन्मात हा रिवाज मोडला नव्हता. पण प्रिंट निघायच्या दिवशी पोरगी स्टुलावर बसून त्यांच्या हाताकडे बघत होती. तिच्यादेखत ते यान परत कसं जोडणार? प्रिंट तशीच गेली. इथे पहिले आठ दिवस पावसानं थिएटर ओसच पडलं होतं; पुढे अकरा गावांनी तो शेवट बघितला, आणि अकरा गावं पोरीच्या विरुद्ध साक्षीदार झाली.

आता फोनच्या इवल्याशा पडद्यावर मैदान आलं. मुलगी आली. समाप्तीची पाटी आली नाही. आकाशात एक ठिपका दिसला आणि तो मोठा होत गेला.

काकांची मुलगी फोनवर वाकली. दार उघडलं. आई उतरली.

“बाबा?”

उत्तर काकांच्या जिभेवर तयार होतं, चाळीस वर्षांच्या सवयीनं घासूनपुसून. “दुसऱ्या भागाची सोय! मागाहून चिकटवलंय ते. या लोकांचा काय भरवसा?”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग हळूहळू मान हलवली. “असेल. तुम्ही मशीनवर होतात, तुम्हालाच ठाऊक.” फोन पालथा घातला. “मला उगीच वाटलं होतं, हे खरं निघालं तर तेही खरं असेल.”

“ते काय?”

“काही नाही. हॉस्पिटलच्या खाली आत्या मला उभी करायची ना? मला आठवतं, आईनं वरच्या खिडकीतून हात केला होता. पिवळा स्वेटर घालून. कधी कुणाला बोलले नाही. म्हटलं, तेही मीच मनानं जोडलं असेल, यानासारखं.”

काका उठले. कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याची गोल डबी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट वास घरभर पसरला. आतली फिल्म आक्रसून वेडीवाकडी झालेली, रंग उडून सगळी तांबूस पडलेली. तिनं एक टोक खिडकीच्या उजेडात धरलं. उघडं दार. पायरीवर एक बाई.

“मी कापलं,” काका म्हणाले. “तू रोज विचारायचीस. मला सोसवेना.”

तिनं फिल्म पुन्हा डबीत गुंडाळली. मग विचारलं, “आणि खिडकी?”

“खरी आहे. मी तिच्या पलंगाशी उभा होतो. पिवळाच स्वेटर. डावा हात केला, उजव्याला सुई होती.”

“डावाच,” ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. “मला डावाच आठवतो हो बाबा! चाळीस वर्षं मी स्वतःला खोटी म्हणत आले.”

काकांनी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. डबी पर्समध्ये टाकली, चपला घातल्या. “दुसरा भाग मी एकटी बघेन,” एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मंगळवारी काका दाढीला गेले. खुर्चीत गप्प. सलूनवाल्याला ते काही सोसेना. “काय काका, सातव्या यानाचा दुसरा भाग आला म्हणे! मेलेल्या बाईला जिवंत केलीय. द्या की एक शिवी.”

“ती मेलीच नव्हती,” काका म्हणाले. “पहिल्यातच परत येते. यान उतरतं, दार उघडतं.”

सलूनवाला आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला आणि खो खो हसला. “काहीतरीच काय काका! वय झालं तुमचं. मी स्वतः बघितलाय की. तुम्हीच तर दाखवला होतात.”