मामंजींचे मटार

मृदुलाबाईंना कुठलीही गोष्ट 'ती असतेच तशी' म्हणून सांगितलेली पटायची नाही. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी मिक्सर बिघडला, की दुरुस्तीवाल्याच्या आधी त्याच तो उघडून बसत. नवरा दामोदर म्हणे, "हिला देवानं नाक दिलंय ते खुपसायलाच."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यातलं कोडं मात्र मिक्सरइतकं साधं नव्हतं. सासरे जगदेवराव होळीच्या सुमारास तापानं पडले, बरे होऊन उठलेही, पण जेवण तुटलं ते तुटलंच. डॉक्टर म्हणाले, आजार गेलाय, आता पोटात अन्न जायला हवं. जगदेवरावांनी तरुणपणी संस्थानात नोकरी केलेली. पानाला नावं ठेवायची नाहीत ही त्यांच्या घरची शिस्त. दोन घास घ्यायचे, "छान झालंय" म्हणायचं आणि उठायचं. त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. मृदुलाबाईंना मनातून फार भीती वाटे, पण बोलून दाखवत नसत.

एकदा खोदून खोदून विचारल्यावर ते संकोचत म्हणाले, "मटारची उसळ चालेल. दाताखाली फुटणारी." म्हातारपणीही त्यांचे दात शाबूत होते.

वैशाखात मटार! खंडेराव मार्केटातला गुजराती भाजीवाला हसलाच, ऐन उन्हाळ्यात हिरवे वाटाणे आणू कुठून म्हणाला. "बेन, उनाळामां लीला वटाणा क्यांथी लावुं?"

मग अलकापुरीतल्या एका नव्या दुकानातून मृदुलाबाईंनी बर्फातल्या मटारची पाकिटं आणली. आजवर त्यांच्या घरात पाकिटातून आलेले वाटाणे म्हणजे वाळलेले, त्यामुळे हातांनी आपली सवय सोडली नाही. त्यांनी ते रात्रभर भिजत घातले आणि सकाळी चिमूटभर सोडा टाकून कुकरला लावले. झाकण उघडलं तर आत हिरवी खीर. जगदेवराव "छान झालंय" म्हणाले आणि एका घासावर उठले.

मृदुलाबाई चिडल्या, पण त्यांचं कुतूहल रागापेक्षा मोठं. दुसऱ्या पाकिटातला एक दाणा त्यांनी तसाच तोंडात टाकला. तो कच्चट लागला नाही. म्हणजे हे अर्धे शिजूनच आलेत की! मग थोडे दाणे वाटीत काढून त्या समोर बसून राहिल्या. बर्फ सुटला तसं तळाशी पाणी जमलं आणि मघाचे टणक दाणे सुरकुतून पडले. बाहेर थांबले की हे अंग टाकतात, तर यांना थांबवायचंच नाही.

तरी दुसऱ्या खेपेलाही जुनी खोड नडली. झाकणात पाणी ठेवून भाजीला वाफ आणायची, ही त्यांच्या आईची रीत. त्या वाफेनं मटार पुन्हा गाळ झाले.

"हॉटेलातून आणू का काही?" दामोदरनं विचारलं.

"अहो, अजून हरले नाही मी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी पसरट लोखंडी कढई चांगली तापवली. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली आणि फ्रीजरमधले मटार त्या मूठमूठ टाकत गेल्या, कारण एकदम ओतले तर कढई गार पडते. झाकण ठेवलं नाही. मीठ अगदी शेवटी घालायचं ठरवलं. कोशिंबिरीत काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, तसं इथे नको. दाणे चकाकायला लागले तशी त्यांनी कढई उतरवली आणि लगबगीनं पान वाढलं.

जगदेवरावांनी एक दाणा चावला आणि थांबले. मग दुसरा चावला. बघता बघता वाटी रिकामी झाली आणि त्यांनी ती आपणहून पुढे केली.

"सूनबाई, आज मीठ अगदी बेतशीर पडलंय."

मृदुलाबाई आनंदानं स्वयंपाकघरात गेल्या. वाटी भरताना मिठाचा डबा दिसला. तो आज फडताळातून खाली आलाच नव्हता. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. साफ अळणी.

त्यांच्या हातातला डाव तिथेच थांबला. तापानं मामंजींची चवच नेली होती. सुनेच्या हाताला बोल लागू नये म्हणून हा माणूस इतके दिवस "छान झालंय" म्हणत अर्धपोटी उठत होता. मृदुलाबाईंना रडू आवरेना.

डोळे पुसून त्या बाहेर आल्या आणि वाटी पानात ठेवली.

"मामंजी, दाताखाली आणखी काय काय बरं लागतं तुम्हाला?"

जगदेवरावांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"काकडी," ते हळूच म्हणाले. "जरा जाड चिर."