तिकीट काढून आपल्याच गावात

आमच्या रोटोरुआच्या अलीकडेच गंधकाचा वास कॅम्परव्हॅनच्या काचेतून आत शिरला आणि एरुएरा गप्प झाला. समुद्रापार ब्रिस्बेनमध्ये बसगाड्या दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य घालवलेला हा माणूस एरवी गप्प बसणाऱ्यातला नव्हे. गाडी मुलगी रोइमाता चालवत होती, शेजारी बायको हुइया. इतके दिवस तळी, उकळत्या चिखलाची डबकी बघत ते भटकत होते, आणि प्रत्येक मुक्कामावर एरुएराचं एकच, इथे अजून एक दिवस काढू.

"बहिणीला एवढा भितोस?" हुइयाने शेवटी विचारलंच. "बसखाली झोपताना कुठे जाते ही भीती?"

भीत तर होताच. आई गेली तेव्हा तो आला नव्हता. आमच्यात गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. सभाघरात उघड्या पेटीत ठेवून सगळे त्याच्याभोवती बसतात, रडतात, गातात, त्याच्याशी भांडतातसुद्धा. थोरली बहीण काराराइना आईच्या उशाशी बसून दाराकडे डोळे लावून होती. इकडे एरुएराला नुकती मुकादमी मिळालेली, रजा मागायला जीभ रेटेना. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. तो महिना काही उजाडला नाही, आणि बहीण-भावाचं बोलणंही थांबलं.

तरी वाट बंद झाली नव्हती. कुणी गेल्यावर जो पहिल्यांदा गावात येतो, तो वेशीवर थांबतो. आतून एक बाई हाक घालते, गेलेल्याचं नाव घेऊन त्याला आत बोलावते. मग नाकाला नाक लावून दोघेही पोटभर रडतात आणि मन हलकं होतं. आमच्या गावात ती हाक घालायचा मान काराराइनाचा. तिच्या तोंडून ती ऐकायची, यासाठीच तर एरुएराने ही सहल काढली होती. पण गावासमोर मान खाली घालून उभं राहायचं म्हटलं की तो आणखी एक मुक्काम वाढवी.

मग या शहाण्याने काय करावं? म्हणे, आधी गुपचूप बघून येतो, ती कशी आहे ते. टोपी घातली, काळा चष्मा चढवला, गावातली कुंडं बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या खिडकीवर तिकीट काढलं आणि आपल्याच गावात परका होऊन शिरला. हुइयाने रोइमातालाही थांबवलं आणि स्वतः गाडीतून उतरलीच नाही.

"मी नाही येत असल्या चोरपावलांनी," ती म्हणाली. "मला माझ्या आईने वळण लावलंय."

पर्यटकांना फिरवायला नेमकी काराराइनाच होती. केस पार पिकलेले, चालताना एक पाय ओढत होती. आवाज मात्र तसाच खणखणीत. फडक्यात बांधून उकळत्या कुंडात सोडलेली कणसं तिने वर काढली आणि एकेकाच्या हातावर ठेवली. एरुएराला देताना तिने वर बघितलंही नाही. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं.

पुढे कबरी लागल्या. आमची जमीनच तापलेली, म्हणून आम्ही कबरी खणत नाही, जमिनीच्या वर बांधतो. एका पांढऱ्या कबरीच्या फटीतून वाफ निघत होती. ही कुणाची, असं एका पाहुणीने विचारलं.

"माझ्या आईची," काराराइना म्हणाली. "शेवटी शेवटी मुलाचं नाव घेत होती." एवढं बोलून ती चालू लागली.

एरुएराला चष्म्याआड काही दिसेना. बाहेर पडताना फाटकापाशी नळ होता. पर्यटक फोटो काढत पुढे गेले. एरुएराने मात्र हात धुतले, चार थेंब डोक्यावर शिंपडले. कबरीपासून निघताना आमचं लहान मूलही करतं तसं. मान वर केली तर समोर बहीण.

"पाहुण्यांना हे कोण शिकवतं?" तिने विचारलं.

"ताई..."

"ओळखलं होतं मी. आंधळी नाही झाले अजून."

त्याने चष्मा काढला. चुकलं माझं, उद्या बायको-मुलीला घेऊन वेशीवर येतो, तू हाक घाल, असं तो एका दमात बोलून गेला.

तिने गळता नळ घट्ट बंद केला. मग हळूच म्हणाली, "आईचं नाव घेऊन तुला आत आणायचं, एवढ्यासाठी आवाज जपला रे मी. पण तू येऊन बसलास की. आत आलेल्याला कुठून बोलवू?" फाटकाबाहेर बोट दाखवून म्हणाली, "त्या दोघींना आण. त्या नाही शिरल्या चोरून. तू आतल्या बाजूला उभा राहा."

दुसऱ्या दिवशी हुइया आणि रोइमाता वेशीवर थांबल्या. एरुएरा यजमानांत, बहिणीच्या पाठीमागे. काराराइनाने हाक घातली. आईचं नाव वाफेतून पार वेशीपर्यंत गेलं, आणि आजी जिला धड आठवतही नव्हती ती रोइमाता हमसून रडू लागली. बहीण पुढे झाली आणि तिच्या नाकाला नाक लावून उभी राहिली.

एरुएराला दिसत होती ती बहिणीची पाठ. ज्या हाकेसाठी तो समुद्र ओलांडून आला होता, ती त्याने मागून ऐकली.