मूळ कार्ड पांढुर्ण्याचं, नक्कल सौंसरची

पांढुर्ण्याच्या आमच्या अभ्यासिकेचा सगळा कारभार नखाएवढ्या एका मेमरी कार्डावर चालतो, आणि त्या कार्डावर कारभार करायला एक समिती आहे. कार्ड बैठका घेत नाही, म्हणून त्याच्याकडून कामं होतात.

अभ्यासिका विहाराच्या मागच्या खोलीत आहे. तिथे तळहाताएवढा एक बोर्ड कोणीतरी दिलेल्या जुन्या टीव्हीला जोडला आहे. तोच आमचा संगणक. त्याला हार्डडिस्क नाही, पेटारा नाही. संगणक सुरू करणारी प्रणाली, हिंदी टायपिंगचा सराव, जुने पेपर, पाठ्यपुस्तकं, सगळं त्या कार्डात. नेट असो-नसो, चालतं. कार्ड काढून घेतलं की बोर्ड म्हणजे नुसती हिरवी पट्टी.

मी पत्रकं काढणारी बाई. नळाचं पत्रक, शिष्यवृत्तीचं पत्रक, रस्त्याचं पत्रक. संगणकाला हात लावला तो यासाठी की छपाईवाला दर वेळी माझ्या मथळ्यातला ‘जाहीर निषेध’ आपल्या मनाने बारीक करायचा. माझं पत्रक मीच जुळवायला लागले आणि त्याच गुन्ह्याबद्दल समितीने मला अभ्यासिकेच्या यंत्राची जबाबदारी दिली. जबाबदारी म्हणजे बिघडलं तर माझं. चाललं तर समितीचं.

सौंसरहून एक मुलगी आमच्याकडे सरावाला यायची. मायबाप संत्र्याच्या बगिच्यांत तोडीला जाणारे. तिला सरकारी कारकुनीसाठीची टायपिंगची परीक्षा द्यायची होती. बसने यायची, टीव्हीसमोर बसायची, आणि बाकीची पोरं मागे उभी राहून उसासे टाकायची, कारण ती एकदा बसली की उतारा पुरा झाल्याशिवाय उठायची नाही. दिवस लहान झाले तसा बापाने तिला सरळ निर्णय ऐकवला. अंधार पडल्यावर बसमधून उतरणं बंद. सौंसरला सोय होत असेल तर शिक, नाहीतर तोडीला चल. तो दुष्ट नव्हता. बसस्टँडवर रोज उभं राहून तो थकला होता.

सौंसरला खरं तर सोय होती. तिथल्या अभ्यासिकेतही असाच बोर्ड होता, टीव्ही होता, वर झालरीचं कापड टाकलेलं होतं. फक्त कार्ड नव्हतं. कोणी दान करताना हिरवी पट्टी दिली, फोटो काढला आणि गेलं. तेव्हापासून तो संगणक उद्घाटन झालेल्या अवस्थेत पडून होता.

मी म्हटलं, यात काय, कार्डाची नक्कल काढू. नवीन कार्ड घेतलं, जुन्यातल्या फायली दिसल्या तेवढ्या उचलून नव्यात टाकल्या आणि कार्ड बोर्डात घातलं. टीव्ही काळा. का ते नंतर समजलं. संगणक जागा होण्याचा भाग कार्डाच्या वेगळ्या कप्प्यात असतो, तो फायलींबरोबर येत नाही. पत्रकातला मजकूर वहीत उतरवून घेतला म्हणजे छपाईची प्लेट हातात येत नाही, तसंच हे. प्लेटच्या प्लेट उचलावी लागते. त्यासाठी यंत्रातच सोय असते. नवीन कार्ड छोट्या रीडरमध्ये घालून बाजूला खोचायचं, कुठून कुठे ते सांगायचं, आणि पडद्यावर सरकणारी पट्टी टोकाला जाईपर्यंत कोणी यंत्राला हात लावायचा नाही. एवढंच काम. बसून चहा प्यावा, तोवर होतं.

पण समितीने बैठक बोलावली.

आमचे अध्यक्ष काका तहसिलीतल्या नकल शाखेतून निवृत्त झालेले. खसऱ्याची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल, कोणाच्या आजाच्या दाखल्याची नक्कल, हे सगळं आयुष्यभर त्यांच्या शिक्क्याखालून गेलं. त्यामुळे नक्कल हा शब्द ऐकला की ते चष्मा लावतात. त्यांनी विचारलं की अर्ज कोणाचा आहे. मी म्हटलं, माझा. ते म्हणाले, सौंसरचा पाहिजे. सौंसरच्या अभ्यासिकेचे सर मुद्दाम या बैठकीला आले होते. त्यांना अर्ज नव्हे, भाषण द्यायचं होतं. जिल्हा पांढुर्णा झाला तेव्हापासून सौंसरला प्रत्येक गोष्टीत दुसरा नंबर मिळतो, आता संगणकही नकलेचाच का, असं ते बरंच लांबवून बोलले. मूळ कार्ड आम्हाला द्या, नक्कल तुम्ही ठेवा.

पांढुर्ण्याच्या बाजूने उत्तर आलं की मुख्यालयात नक्कल कशी ठेवता येईल.

नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांना दगड मारायची आमच्याकडे सवय आहे, पण त्याला वर्षातला एक दिवस नेमलेला आहे. समितीला तसं बंधन नाही. मी मध्ये उठून सांगितलं की दोन्ही कार्डं अक्षरन् अक्षर सारखी असतात, मोठं-लहान काही नसतं. तावातावाने सांगितलं. आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या उतरलेले कपडे मिळाले म्हणून प्रत म्हणजे उतरलेला कपडा असं आपण समजतो, वगैरे. पत्रकात चांगलं दिसलं असतं. बैठकीत कोणी टिपूनही घेतलं नाही.

शेवटी ती मुलगी म्हणाली की तिला नक्कल चालते. भिंतीला टेकून उभी होती. काकांनी हे ‘अर्जदाराची संमती’ म्हणून नोंदवून घेतलं आणि परवानगी दिली. सर नाराज झाले, पण बसची वेळ झाली होती.

मी सगळ्यांसमोर नक्कल काढली. मग मूळ कार्ड काढून नवं घातलं. टीव्ही उजळला. परत जुनं घातलं, परत उजळला. समिती पुढे वाकून बघत होती. कोणालाच फरक दिसेना. मला वाटलं, पटलं. उलट झालं, सगळे घाबरले. फरकच दिसत नसेल तर उद्या मूळ कोणतं हे कसं सांगणार? काका म्हणाले की नकलेवर सत्यप्रतीचा शिक्का पाहिजे आणि मुळावर मूळ असल्याचा. मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं. यावर शिक्का कुठे मारता? ते म्हणाले, पाहू. तोवर त्या मुलीने नवं कार्ड रुमालात बांधून पिशवीत टाकलं होतं. जयभीम म्हणाली आणि बसला गेली.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासिकेत गेले तर समिती बोर्डाभोवती जमलेली. काकांच्या हातात चिमटा.

काकांनी सकाळी येऊन मूळ कार्डाचा मान राखला होता. कागदाचा बारीक तुकडा कापला, त्यावर ‘मूळ प्रत’ लिहिलं, सही केली, समितीचा शिक्का मारला, जेवढा मावला तेवढा, आणि तो तुकडा डिंकाने कार्डावर चिकटवला. नकल शाखेत कागद असाच सुरक्षित होतो. चिकटवायला त्यांनी कोरी बाजू शोधली, कारण छापील अक्षरांवर कागद चिकटवणं नियमात बसत नाही. ती कोरी बाजू म्हणजे सोनेरी पट्ट्यांची, जिच्यातून बोर्ड कार्ड वाचतो ती. मग कार्ड खाचेत ढकललं. जाईना, म्हणून जोराने. गेलं, पण निघेना. त्यात डिंक ओला.

मी म्हटलं ओढू नका. तोपर्यंत ओढलं होतं. अर्धं कार्ड चिमट्यात आलं. सही शाबूत होती.

मग सगळे एकदम बोलले, आणि त्या बोलण्याचा अर्थ असा निघाला की आता पांढुर्णा जिल्ह्यात चालणारं कार्ड एकच आहे आणि ते सौंसरच्या पोरीकडे आहे. ठराव झाला की ते परत आणावं. मी म्हटलं, परत कशाला, त्याच्यावरून आणखी एक काढू. काकांनी मान हलवली. नकलेवरून नक्कल निघत नाही. त्यांच्या नोकरीत एकदाही निघाली नाही. नकलेवरून काढलेल्या कागदावर त्यांनी शिक्का मारला नाही, मग अर्जदार रडो की आमदाराला घेऊन येवो.

शनिवारी मी आणि काका सौंसरच्या बसमध्ये बसलो. जामसांवलीला जाणाऱ्या भाविकांनी बस भरलेली होती, काकांच्या मांडीवर कोणाचा तरी नारळ होता. वाटभर मी त्यांना समजावलं. ते वाटभर नारळ सांभाळत राहिले.

सौंसरच्या अभ्यासिकेत झालरीचं कापड बाजूला पडलं होतं. ती मुलगी टीव्हीसमोर बसून टायपिंग करत होती. सर शेजारी खुर्ची टाकून बसलेले, जणू सगळं त्यांनीच घडवून आणलं. काकांनी घसा साफ केला. ती मागे न बघता म्हणाली, “थांबा काका, उतारा होऊन राहिला.”

आणि नकल शाखेचे निवृत्त काका, ज्यांच्या खिडकीसमोर अख्खी तहसील थांबायची, ते थांबले. दोन्ही हात मागे बांधून. मी तो उतारा मनापासून लांबावा अशी इच्छा केली.

उतारा संपल्यावर काकांनी ठराव सांगितला. पोरगी ऐकत राहिली. सरांनी मात्र पाय पसरले. जे कार्ड त्यांना अपमान वाटत होतं तेच आता त्यांच्या तालुक्याची इभ्रत झालं होतं. म्हणाले, “नक्कल तं नाही पाहिजे होती ना मुख्यालयाले?”

काका म्हणाले की प्रश्न मुख्यालयाचा नाही, नियमाचा आहे.

“काका,” मुलगी म्हणाली, “हे कार्ड नेलं तं मी सोमवारपासून तोडीले जाईन. मंग ते तिथं मूळ म्हणून ठेवा का नक्कल म्हणून, मले काय करायचं हाये?”

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलण्याचं काम मी करते, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रकांनी जे केलं नव्हतं ते तिच्या या साध्या बोलण्याने केलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मुळाचा नाश झाला,” ते हळू म्हणाले, “तं उपलब्ध प्रतीले मूळ ठरवता येते. तशी तरतूद हाये.”

मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि तिथेच ठराव लिहिला. पांढुर्ण्याचं मूळ कार्ड अपघाताने नष्ट. अपघात कोणाचा ते लिहिलं नाही, सरकारी लिखाणाची हीच गोडी आहे. सौंसर येथील प्रत यापुढे मूळ समजण्यात यावी. सही केली. डिंकाची बाटली त्यांनी आणली नव्हती, मी पिशवी तपासली होती.

मी रीडरमध्ये कोरं कार्ड घातलं आणि नक्कल लावली. पट्टी सरकायला लागली. काका टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, जणू नजर हलली तर एखादा रकाना सुटेल. मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण नक्कल चालू असताना यंत्रावर दुसरं काही करायचं नसतं.

“तुमच्या नकलेपायी माहा सराव बुडून राहिला काका,” ती म्हणाली.

काका म्हणाले, “होईल बेटा, होईल. नकलेले टाइम लागते.” हे वाक्य त्यांनी नोकरीत किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. या वेळी ते उभे होते आणि ती बसलेली.

आता पांढुर्ण्याचं यंत्र सौंसरच्या नकलेवर चालतं. समितीच्या कागदात याचा उल्लेख नाही. तिथे लिहिलंय की यंत्र पूर्ववत सुरू करण्यात आले. पुढच्या बैठकीत एकाने हरकत घेतली की सौंसरचे विद्यार्थी येईनासे झाल्याने आपली हजेरी पडली. मी त्यावर पत्रक काढणार होते. मथळाही तयार होता. राहू दिला.

परवा सावरगावचे लोक आले, नदीपलीकडून. त्यांनाही कार्ड पाहिजे. पांढुर्ण्याची नक्कल नको, सौंसरच्या मुळावरून काढलेली पाहिजे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन्ही एकच आहेत हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सौंसरला फोन लावला. त्या मुलीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.

“या तुम्ही ताई,” ती म्हणाली. “पण मी उठल्यावर.”