काळ्या काचेतला स्वच्छ माणूस

आधीच सांगते, भूत-पिशाच्च, करणी-बाधा यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या पानावरचे निम्मे अनुभव मला अपचनाचे वाटतात आणि उरलेले रिकामटेकड्यांचे. तरी लिहितेय... कारण आमच्या ऑफिसात जे झालं ते तिथल्या एकाही शहाण्याच्या तोंडून तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.

सातपूरला आमचा कारखाना आहे. आम्ही काचेवर केसाहून पातळ थर चढवतो. ऊन तापलं की ती काच आपोआप काळपट होते, उष्णता बाहेरच अडवते. थंडावली की पुन्हा स्वच्छ. एसी कमी चालतो, वीज वाचते. मी क्वालिटीत आहे, त्यामुळे हा थर मला तोंडपाठ आहे. काचेवर कशाची सावली पडली तर तेवढा भाग गार राहतो, म्हणून तेवढाच स्वच्छ राहतो. झाडाची फांदी आड आली तर काळ्या काचेत फांदीचा आकार दिसतो. यात चमत्कार शून्य.

कंपनीने लिंक रोडवर नवं ऑफिस घेतलं. चौथ्या मजल्यावर पश्चिमेची अख्खी भिंत आमच्याच काचेची, गिऱ्हाइकांना दाखवायला. ती बसवताना हिरामण नावाचा कामगार बाहेरच्या बाजूने खाली पडला आणि गेला. सुरगाण्याकडचा, घरचा भात निघाला की इकडे कामाला येणारा. आमच्या जनरल मॅनेजरांनी — साहेब म्हटलेलं त्यांना आवडतं, म्हणून साहेबच म्हणते — त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं की तो दारू पिऊन, कमरेला दोर न बांधता चढला होता. आयुष्यात स्टुलावर न चढलेला माणूस हे सांगत होता, आणि बाकीचे नंदीबैलासारख्या माना डोलवत होते. हिरामणची बायको यमुना गेटवर येऊन एवढंच म्हणत होती की तो पीत नव्हता आणि दोर बांधल्याशिवाय चढत नव्हता. गावात आता तिच्या मुलांना बेवड्याची पोरं म्हणायला लागले होते. तिला गेटवरूनच वाटेला लावलं.

मार्चमध्ये उन्हं तापली. दुपारी भिंत छान काळवंडली... आणि साहेबांच्या केबिनच्या काचेत मधोमध एक स्वच्छ आकार राहिला. डोकं, खांदे, वर केलेला एक हात. बाहेर झाड नाही, सज्जा नाही, चिमणीला टेकायलासुद्धा जागा नाही.

साहेबांनी मला झापलं, तुमचा थर खराब. मलाही तेच वाटलं. दुसऱ्या लॉटची काच बसवली, तर तोच आकार, त्याच जागी. काढलेली काच कारखान्याच्या गच्चीवर उन्हात ठेवली, ती मुकाट्याने सगळीकडे सारखी काळी झाली. मग मी केबिनमधल्या काचेला हात लावला. बाकी सगळीकडे चटका बसत होता. आकाराच्या आत काच गार होती... आणि सावली तर नव्हतीच! त्यातून ऊन सरळ आत येत होतं, गालिच्यावर माणसाच्या आकाराचा उजेड पडत होता. मी हात झटकन मागे घेतला, खोटं कशाला बोलू.

साहेब एरवी विज्ञाननिष्ठेवर भाषणं ठोकतात. त्यांनी गुपचूप गुरुजी बोलावून वास्तुशांत करून घेतली. पेढे वाटले, स्टाफने दोन्ही हातांनी घेतले. दुसऱ्या दुपारी आकार आणखी रेखीव. आता कमरेपासून वर जाणारी एक बारीक रेघही दिसत होती, वर जाऊन मध्येच तुटलेली. केबिनमध्ये येणारा प्रत्येक जण तिकडे बघायचा, आणि विचारलं की म्हणायचा, मॅडम, आम्हाला काही दिसत नाही. असल्या लोकांबरोबर मी रोज डबा खाते.

मग साहेबांनीच यमुनाला बोलावलं. चूक नवऱ्याचीच होती, अशा मजकुराच्या कागदावर त्यांना तिचा अंगठा हवा होता. मला साक्षीदार म्हणून बसवलं. वेळ दुपारची. केबिनला पडदे नाहीत. स्मार्ट काचेला पडदे कशाला, हाही साहेबांचाच शहाणपणा.

ती दारातच थांबली. काचेकडे बघितलं, मग गालिच्यावरच्या उजेडाकडे. रडली नाही. खाली बसून उजेडातल्या त्या रेघेपर्यंत बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"दोर बांधेल हाय," ती म्हणाली. "तुटला तो."

कसला दोर, तिथे काही नाही, उन्हाने भास होतो, असं म्हणत साहेब कागद घेऊन उठले. त्यांच्या आणि तिच्या मध्ये तो उजेड पडला होता. साहेब भिंतीला अंग घासत, कपाटाला धडकत, कडेकडेने तिच्याकडे आले.

यमुनाने कागद घेतला नाही.

"काय नाय ना साहेब तिथं," ती शांतपणे म्हणाली. "मग माघारी मधून जा ना."

साहेब जागचे हलले नाहीत. ती अंगठा न देता निघून गेली. मी तिच्याबरोबर खाली उतरले.

आता तिने तक्रार केली आहे, आणि साहेबांनी ती काच काढून तिथे विटांची भिंत बांधायला घेतली आहे. ऊर्जा वाचवणाऱ्या खिडक्या विकणारी कंपनी स्वतःचीच खिडकी बुजवतेय, आणि ऑफिसात कुणी हसतही नाही. मी साक्ष द्यायला जाणार आहे. काय दिसलं ते सांगेन.